खाली बसणारे पेडल आणि पास्कलचा नियम

जुनी मोटार चौकात लाल दिव्यापाशी उभी आहे. चालकाचा पाय ब्रेकवर हलकेच टेकलेला आहे. पायाचा जोर त्याने वाढवलेला नाही आणि कमीही केलेला नाही. तरीही पेडल हळूहळू खाली चालले आहे. चालक पाय उचलतो, पुन्हा दाबतो. पेडल पहिल्यासारखे वर! मग तो जोराने दाबून पाहतो, तर ते घट्ट उभे राहते. ‘ब्रेक तर लागतोय की,’ असे म्हणून तो गाडी पुढे काढतो.

येथे तीन प्रश्न आहेत. पेडल खाली का गेले? पाय उचलून पुन्हा दाबताच ते वर का आले? आणि जोराने दाबल्यावर दोष लपला कसा? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण चालकाला खोटा धीर मिळतो तो येथेच.

पाठ्यपुस्तकात पास्कलचा नियम शिकवताना मोटारीच्या ब्रेकचे उदाहरण हमखास येते. आकृतीत दोन नळकांडी असतात, त्यांत दोन दट्टे असतात आणि मध्ये द्रव असतो. दट्टा आणि नळकांडे यांच्यामधली फट मात्र आकृतीत कधीच दिसत नाही. आमच्या मते द्रवचलित ब्रेकचा सारा इतिहास हा या न काढलेल्या फटीचा इतिहास आहे, आणि खाली बसणाऱ्या पेडलाचे निदानही तोच इतिहास समजावून देतो.

एक माणूस आणि शंभर माणसे

द्रवाचा दाब भांड्याच्या आकारावर नव्हे, तर द्रवाच्या उंचीवर अवलंबून असतो, हे नेदरलँड्समधील सायमन स्टेव्हिन याने १५८६ साली दाखवून दिले होते. पुढे फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने या विचाराला पूर्ण रूप दिले. पास्कल १६६२ साली वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी वारला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला.

त्यातले उदाहरण सोपे आहे. पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे आहेत. एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे. दोन्ही तोंडांत नेमके बसणारे दट्टे आहेत. लहान दट्टा एका माणसाने दाबला, तर मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांच्या बळाला तो पुरून उरेल. अर्थात हे फुकट मिळत नाही. लहान दट्टा एक इंच आत गेला, तर मोठा इंचाचा शंभरावा भागच सरकेल. बळात मिळवायचे ते अंतरात गमवायचे, हे पास्कलने स्वतःच सांगून ठेवले होते.

या उदाहरणात तीन अटी दडलेल्या आहेत. भांडे पूर्ण बंद हवे. त्यात द्रवच हवा, हवा नको. आणि दट्टे ‘नेमके बसणारे’ हवेत. तिसरी अट कागदावर दोन शब्दांची आहे. ती प्रत्यक्षात आणायला मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

चामड्याचा कप

लंडनमधला जोसेफ ब्रामा हा कुलपांसाठी प्रसिद्ध असलेला कारागीर. त्याने १७९५ साली पास्कलच्या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व बरोबर होते, यंत्र मात्र हट्टी निघाले. दट्ट्याभोवती घट्ट गुंडाळी बसवली तर पाणी गळत नसे, पण दाब काढल्यावर दट्टाच अडकून बसे. गुंडाळी सैल केली तर दट्टा सरके, पण पाणी कडेने उसळून बाहेर येई.

या पेचातून सुटका झाली ती वाटीसारख्या वळवलेल्या चामड्याच्या कड्याने. ही कल्पना ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेची असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. कड्याची पातळ ओठासारखी कड दाबाच्या दिशेने तोंड करून असते. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब या ओठाला नळकांड्याच्या भिंतीवर दाबून धरतो. म्हणजे बाहेर पळू पाहणारे पाणीच आपली वाट बंद करते! दाब गेला की ओठ सैल होतो आणि दट्टा सहज मागे येतो.

हे पाहायला लंडनला जाण्याची गरज नाही. सायकलच्या जुन्या हातपंपात चामड्याचा वायसर असतो तो हाच. दांडा खाली दाबताना वायसरची कड भिंतीला चिकटते आणि हवा ट्यूबमध्ये जाते. दांडा वर ओढताना कड आत वळते आणि बाहेरची हवा तिच्या कडेने पुढे शिरते. एकाच वायसरने झडपेचेही काम केले. वायसर सुकला की पंप ‘मारत’ नाही. मग आपण त्यावर तेलाचे दोन थेंब सोडतो. हा पंप लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

चारही चाकांना सारखा न्याय

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढले जात. बहुतेक गाड्यांना ते फक्त मागच्या चाकांना असत. चारही चाकांना ब्रेक द्यायचे तर प्रत्येक तार सारखी ताणलेली हवी, नाही तर गाडी एका बाजूला ओढली जाते. त्यातही पुढची चाके वळतात आणि खालीवर होतात, त्यामुळे तारेची लांबी सांभाळणे कठीण. द्रवाला ही अडचण नाही. नळी कशीही वळवा, दाब सगळीकडे सारखाच पोचतो.

अमेरिकेतील माल्कम लॉकहीड या विमानांच्या धंद्यातून आलेल्या तंत्रज्ञाने १९१७ साली द्रवचलित ब्रेकचे पेटंट मिळवले. १९२१ साली फ्रान्समध्ये ल माँ येथे झालेली ग्रां प्री शर्यत जिमी मर्फीने जिंकली, ती असे चारचाकी ब्रेक असलेल्या ड्युसेनबर्ग गाडीतून. त्याच सुमारास ड्युसेनबर्गने विक्रीच्या मोटारीतही ते बसवले. पण ती श्रीमंतांची गाडी होती. सामान्य किमतीच्या मोटारीत हे ब्रेक आणले क्रायस्लरने, १९२४ साली. लॉकहीडच्या मूळ रचनेतील चामड्याचे कप गळत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्यांच्या जागी रबरी कप आणले.

रबर आले आणि त्याबरोबर रसायनशास्त्रही आले. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते आणि लिबलिबीत होते. त्यामुळे इंजिनाचे तेल येथे चालेना. सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांची मिश्रणे वापरली गेली, पुढे ग्लायकोल वर्गातील द्रव आले. आपण सवयीने ‘ब्रेक ऑईल’ म्हणतो खरे, पण डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेल्या बाटलीतला द्रव हा तेल नसतोच. या बाटलीऐवजी चुकून इंजिन ऑईल ओतले, तर साऱ्या यंत्रणेतील रबरे फुगून निकामी होतात.

सर्वांना हे ब्रेक लगेच पटले नाहीत. हेन्री फोर्डच्या कंपनीने १९३९ सालच्या गाड्यांपर्यंत दांड्यांचे ब्रेक सोडले नाहीत, आणि पेडलपासून चाकापर्यंत अखंड पोलाद असल्याची जाहिरातही केली. याला नुसता हट्ट म्हणून हसण्यात अर्थ नाही. एक तार तुटली तर एका चाकाचा ब्रेक जातो. एक नळी फुटली तर एकदम चारही चाकांचा. ही शंका रास्त होती. तिचे उत्तर काय मिळाले ते पुढे पाहू.

एक चहाचा चमचा

आता पेडलपाशी येऊ. पेडल ही एक तरफ आहे. ती पायाचे बळ सुमारे पाचपट करते असे धरू. पायाने २० किलोग्रॅम-बल लावले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोग्रॅम-बल येते. दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ किलोग्रॅम-बल इतका दाब तयार झाला. वातावरणाच्या दाबाच्या तिसाहून अधिक पट! ड्रम ब्रेकच्या गाडीत चार चाकांत मिळून आठ लहान दट्टे असतात. सोयीसाठी तेही त्याच व्यासाचे मानू. प्रत्येकावर १०० म्हणजे एकूण ८०० किलोग्रॅम-बल ब्रेक शू ड्रमवर दाबते. मुख्य दट्टा १६ मिलिमीटर सरकला, तर चाकातला प्रत्येक दट्टा मात्र फक्त २ मिलिमीटर सरकतो. पास्कलचा हिशेब येथे तंतोतंत चुकता होतो.

आता गळतीचा हिशेब करू. ब्रेक लागला तेव्हा पेडल फळीपासून साडेसात सेंटिमीटर वर आहे. तरफेच्या हिशेबाने मुख्य दट्ट्याला आता दीड सेंटिमीटरच जागा उरली. दीड गुणिले ३.१४ म्हणजे सुमारे ४.७ घन सेंटिमीटर. म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढा द्रव कुठे निसटला, तर पेडल फळीला टेकलेच!

हा चमचाभर द्रव जातो कुठे? मास्टर सिलिंडरवर द्रवाची टाकी असते. पाय उचललेला असताना एका बारीक छिद्रातून टाकी आणि सिलिंडर जोडलेले असतात. पेडल दाबताच दट्ट्यापुढचा रबरी कप हे छिद्र ओलांडतो, मार्ग बंद होतो आणि दाब वाढू लागतो. कपाच्या मागच्या पोकळीतही द्रव असतो, आणि तीही वेगळ्या छिद्राने टाकीला जोडलेली असते. कपाची कड झिजली, किंवा सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले, की दाबाखालचा द्रव कडेने मागच्या पोकळीत येतो आणि तेथून टाकीत. बाहेर एक थेंबही पडत नाही, टाकीतील पातळी कायमची घटत नाही, आणि पेडल मात्र खाली बसते. म्हणूनच हा दोष फसवा आहे.

पाय उचलला की सायकलचा पंप आठवावा. दट्टा झटकन मागे येतो, कपाची कड सैल होते आणि मागच्या पोकळीतला द्रव कडेने पुढे शिरतो. सिलिंडर पुन्हा भरला, पेडल वर आले. आणि जोराने दाबल्यावर पेडल घट्ट का उभे राहिले? कारण दाब जितका अधिक, तितका ओठ भिंतीला अधिक चिकटतो. ब्रामाच्या यंत्राला वाचवणारा गुण येथे झिजलेल्या कपाचा दोष झाकतो. हलक्या दाबात ओठ पुरेसा चिकटत नाही, तेव्हाच गळती दिसते.

निदानाच्या तीन पायऱ्या

यावरून तपासणीची रीत आपोआप ठरते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत आणि इंजिन बंद ठेवावे. पाय हलका करणारा व्हॅक्यूम बूस्टर असेल, तर पेडल चारपाच वेळा दाबून त्यातला निर्वात संपवून घ्यावा. बूस्टर असलेल्या गाडीत पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केले की पेडल किंचित खाली जाते. ते बूस्टर चालू असल्याचे लक्षण आहे, दोष नव्हे.

पहिली पायरी : पेडल दाबून धरावे आणि पाहावे, ते कुठे थांबते का? आधी हलक्या, स्थिर दाबाने अर्धा ते एक मिनिट, मग जोराने. पेडल बरेच खाली गेले पण थांबले, आणि लागोपाठ दोनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट राहिले, तर शू आणि ड्रम यांतले अंतर वाढले आहे. ब्रेक ॲडजस्ट करावे लागतील. पेडल रबरी चेंडूसारखे दबते पण थांबते, तर द्रवात हवा आहे. वातावरणाच्या दाबाला १० घन सेंटिमीटर असलेली हवा वरच्या उदाहरणातील दाबाखाली जेमतेम ०.३ घन सेंटिमीटर उरते. म्हणजे पेडलची जवळजवळ सारी चाल तिने गिळली. पण हवा दबून संपली की पेडल थांबते. येथे चाकांवरचे निपल सैल करून हवा काढणे हा उपाय. पेडल थांबतच नसेल, तर मात्र द्रव दाबाखालून बाहेर पडतो आहे.

दुसरी पायरी : द्रव गाडीबाहेर जातो आहे की आतल्या आत? टाकीवर पातळीची खूण करावी. पातळी घटत असेल तर चाकांची आतली बाजू, ड्रमच्या आतले व्हील सिलिंडर, पाइपांचे जोड आणि रबरी होज ओले आहेत का ते पाहावे. मास्टर सिलिंडरच्या मागे, जेथे पेडलची दांडी शिरते, तेथला कप गेला तर द्रव चालकाच्या पायाशी उतरतो. सगळीकडे कोरडे आणि पातळीही तीच, तर संशय मास्टर सिलिंडरमधील कपावर.

तिसरी पायरी मेकॅनिकने करायची. मास्टर सिलिंडरमधून बाहेर जाणारी वाट बुचाने बंद करून पेडल दाबावे. आता द्रवाला कुठेच जायला जागा नाही, तेव्हा पेडल दगडासारखे उभे राहिले पाहिजे. तरीही ते खाली बसले तर दोष सिलिंडरमध्येच आहे. अंदाजाने एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा ही रीत स्वस्त आणि खात्रीची.

एक सावधगिरी. पेडल रोज अर्ध्यापर्यंतच जाते, त्यामुळे सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षे न वापरलेला असतो. तेथे गंज आणि गाळ साचतो. हवा काढताना पेडल फळीपर्यंत दाबले, की कपाची कड त्या खरखरीत भागावरून घासते आणि फाटते. कालपर्यंत ठीक असलेले पेडल ब्रेकचे काम केल्यानंतरच खाली बसू लागले, तर हे कारण आधी तपासावे.

घाटातले पेडल

उतारावर आणखी एक गोष्ट घडते. ग्लायकोलचे द्रव हवेतली वाफ शोषतात. डॉट ३ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. वजनाने सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी चालतो, असे मानक आहे. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतात. चाकातला द्रव उकळला की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. पेडल एकाएकी फळीला टेकते. गाडी थांबून थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल वर येते; गॅरेजात तपासणीला दोष सापडत नाही! कोकणच्या दमट हवेत राहून घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांनी द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावा आणि उतार खालच्या गिअरमध्ये उतरावा, तो यासाठी. हेच पाणी सिलिंडरच्या भिंतीला गंज आणते, म्हणजे कपाच्या झिजेलाही तेच जबाबदार.

फोर्डच्या शंकेचे उत्तर

एका गळतीने चारही ब्रेक जातात, या शंकेचे उत्तर मिळाले ते दुहेरी मास्टर सिलिंडरने. एकाच नळकांड्यात मागेपुढे दोन दट्टे, दोन वेगळ्या वाटा. एक फुटली तरी दुसरी दोन चाके थांबवते. अमेरिकेत कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्स यांनी १९६२ सालच्या गाड्यांत ती आणली, आणि १९६८ पासून तेथील नव्या मोटारींना ती कायद्याने सक्तीची झाली. म्हणजे ड्युसेनबर्गपासून सत्तेचाळीस वर्षांनी!

दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप एकेरी सिलिंडरचीच होती. उत्तरपाडा येथे बनलेल्या सुरुवातीच्या अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या जुन्या फियाटही तशाच. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईतील पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात सेवेतून गेल्या. तरी हौसेने जपलेल्या अशा गाड्या आणि गावोगावच्या जुन्या जीपा आपल्याला दिसतात. त्यांत एका रबरी कपावर चारही चाके अवलंबून असतात. अशा गाडीचे पेडल हलक्या दाबाखाली बसत असेल, तर ‘पंप केल्यावर लागते’ म्हणून ती चालवू नये. किट बदलून भागेल की नाही हे भिंत पाहून ठरवावे. खड्डे असतील तर नवा कपही थोड्याच दिवसांत फाटेल, तेथे सिलिंडरच बदलावा. हँडब्रेक स्वतंत्र तारेने चालतो. तो नीट ठेवणे हा दुसरा आधार.

वर्गात

हे सारे वर्गात दाखवता येते. ५ आणि २० मिलिलिटरच्या सुया नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणि सलाइनची नळी घ्यावी. पाणी भरून, हवा काढून दोन्ही जोडाव्यात. मोठ्या सिरिंजच्या दट्ट्यावर पुस्तक ठेवून लहान दट्टा दाबावा. दोन्ही दट्टे किती सरकले ते विद्यार्थ्यांनी मोजावे आणि व्यासांवरून ताडून पाहावे. मग मुद्दाम हवेचा बुडबुडा ठेवावा. दट्टा दबतो, थांबतो, सोडल्यावर उसळतो. शेवटी मध्ये तीन तोंडांचा जोड घालून तिसऱ्या नळीचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे, आणि त्या नळीवरची सलाइनची चकती किंचित सैल करावी. अंगठ्याचा जोर तोच ठेवला तरी दट्टा खाली सरकत राहतो.

चकती लपवून ठेवावी आणि ‘दोष कोणता?’ असे विद्यार्थ्यांना विचारावे. दट्टा थांबतो की थांबत नाही, एवढ्यावरून त्यांना उत्तर देता आले, तर पास्कलच्या तिन्ही अटी त्यांना समजल्या असे खुशाल मानावे.